‘माय हॉबी इज रीडिंग’च्या पुढे गाडी सरकत नाही: बिघाड कुठे आहे ते कसे शोधायचे

शाळेची तोंडी परीक्षा असो, कॉलेजातली मुलाखत असो, नाहीतर नागपूरच्या एखाद्या हॉटेलातली नोकरी असो, इंग्रजीत ओळख झाली की दुसरा-तिसरा प्रश्न छंदाचा असतो. प्रश्न सोपा आहे म्हणूनच विचारतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, म्हणजे दहावीच्या पोराने हा विषय दहा वर्षे पाहिलेला असतो. तरी गावोगावी बिघाड तोच, आणि त्याच जागी: पहिले वाक्य येते, दुसरे येत नाही.

बहुतेक वेळा दोष व्याकरणाचा नसतो. त्यामुळे व्याकरणाचे पुस्तक काढून बसल्याने तो जातही नाही.

लक्षणे

आपले कोणते जुळते ते आधी पाहा. एकाच माणसात दोन-तीन सापडतील, पण त्यातले एक मुख्य असते.

- प्रश्न आला की एक वाक्य बाहेर पडते, ‘माय हॉबी इज रीडिंग’, आणि मग शांतता.
- पाच-सहा वाक्ये धडाधड येतात, पण मध्ये कोणी टोकले की सगळे उडते. पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागते.
- ‘व्हॉट इज युअर हॉबी?’ कळते. तेच जरा वेगळ्या शब्दांत विचारले की चेहरा कोरा.
- मराठीत त्याच विषयावर अर्धा तास बोलतो, इंग्रजीत क्रियापदापाशी अडकतो: ‘आय ॲम... क्रिकेट... प्लेइंग... लाइक...’
- वाक्य बरोबर असते, तरी समोरचा दोनदा ‘सॉरी?’ म्हणतो.
- घरी येते, चार लोकांत तोंड उघडत नाही.

खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. मोटार सुरू होत नसेल तर आपण आधी फ्यूज पाहतो, एकदम वाइंडिंगला नेत नाही. इंग्रजीच्या बाबतीत मात्र लोक उलटे करतात: पहिल्याच दिवशी तालुक्याच्या गावी क्लास लावतात आणि बिनखर्चाच्या तपासण्या राहूनच जातात.

१. सांगितलेला छंद खरा आहे का?

खर्च काही नाही, वेळ पाच मिनिटे. रीडिंग, गार्डनिंग, स्टॅम्प कलेक्शन ही उत्तरे गाइडमधून आलेली असतात. छंद खरा नसेल तर त्याच्या मागे सांगायला काही नसते, आणि दुसरे वाक्य न येण्याचे हे एक मोठे कारण आहे. ज्याने पाठ्यपुस्तकाशिवाय पुस्तक उघडले नाही त्याला ‘विच बुक डू यू लाइक?’ हा प्रश्न म्हणजे फासच.

तपासायची रीत अशी. घरातल्या कोणालाही हे तीन प्रश्न आपल्या बोलीत विचारायला सांगा: शेवटचं केव्हा केलं होतं? कोणासोबत? त्यात सगळ्यात कटकटीचं काय असते? तिन्हीची उत्तरे वऱ्हाडीत लगेच आली तर छंद खरा. आपल्याच बोलीत अडखळलात तर इंग्रजीकडे जाऊच नका, छंद बदला.

खरे छंद गावात भरपूर असतात. टेनिस बॉलचे क्रिकेट, व्हॉलीबॉल, कबड्डी, तळ्यावर गळ टाकून बसणे, भजनी मंडळात खंजिरी वाजवणे, रांगोळी, भरतकाम, शंकरपट पाहायला जाणे, मोबाइलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहणे. शेवटचे सांगायची उगाच लाज वाटते. ‘आय वॉच कुकिंग व्हिडिओज ऑन माय फोन’ हे खोट्या ‘रीडिंग’पेक्षा कितीतरी चांगले उत्तर आहे, कारण पुढचा प्रश्न ‘व्हॉट डिड यू कुक?’ असा येईल आणि त्याला उत्तर असेल.

‘आम्हाले फुरसत कुठी हाय’ ही अडचणही खरी आहे. कास्तकाराच्या घरात रविवार वेगळा नसतो, कापूस वेचणीच्या दिवसांत तर नाहीच. पण फ्री टाइम म्हणजे सुट्टीचा दिवस नव्हे. जेवण झाल्यावरचा अर्धा तासही फ्री टाइमच. हे उत्तर पूर्ण आहे आणि खरेही: ‘आय डोन्ट हॅव मच फ्री टाइम. आफ्टर डिनर, आय लिसन टू ओल्ड साँग्स.’ वावरातले काम मात्र छंद म्हणून सांगू नका. ‘आय हेल्प माय फादर ऑन द फार्म’ हे वाक्य चांगले आहे, पण ते काम झाले. परसात हौसेने वांगी-टमाटर लावत असाल तर गोष्ट वेगळी: ‘आय ग्रो व्हेजिटेबल्स बिहाइंड माय हाऊस.’

आपल्याकडच्या गोष्टींना इंग्रजी शब्द शोधत बसण्यात वेळ जातो आणि सापडलेला शब्द बहुधा चुकीचा निघतो. नाव आहे तेच ठेवा आणि मागे एक वाक्य जोडा. ‘इट इज अ काइंड ऑफ’, म्हणजे ‘एक प्रकारचे’, हा तुकडा त्यासाठी पाठ असू द्या.

‘खंजिरी इज अ स्मॉल ड्रम. आय प्ले इट इन अवर भजन ग्रुप.’
‘शंकरपट इज अ काइंड ऑफ बुलक रेस.’
‘मल्लखांब इज अ काइंड ऑफ जिम्नॅस्टिक्स ऑन अ वुडन पोल.’
‘झाडीपट्टी इज अ काइंड ऑफ फोक थिएटर. द प्ले गोज ऑन ऑल नाइट.’

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडच्या पोरांना शेवटचे वाक्य फार उपयोगी. ऐकणारा हमखास ‘ऑल नाइट?’ असे विचारतो. तिथे सांगायला पक्की गोष्ट आहे, झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली: ‘येस, ऑल नाइट! अ झाडीपट्टी ॲक्टर गॉट द पद्मश्री इन ट्वेंटी ट्वेंटी-थ्री.’ स्टॅम्प कलेक्शनवर एवढे बोलणे कधी चालले नसते.

२. प्रश्नच ओळखू येतो का?

अनेकदा उत्तर तयार असते, प्रश्न कळलेला नसतो. पुस्तकात ‘हॉबी’ हा शब्द असतो. प्रत्यक्षात लोक तो कमी वापरतात. हे सगळे प्रश्न एकच आहेत:

‘व्हॉट डू यू डू इन युअर फ्री टाइम?’
‘व्हॉट डू यू लाइक टू डू आफ्टर स्कूल?’
‘व्हॉट डू यू डू फॉर फन?’
‘हाऊ डू यू स्पेंड युअर संडेज?’
‘एनी हॉबीज?’
‘डू यू प्ले एनी स्पोर्ट्स?’

कोणाकडून तरी हे उलटसुलट क्रमाने वाचून घ्या आणि प्रत्येकाला तेच उत्तर द्या. सहापैकी पाच वेळा लगेच उत्तर आले तर इथे बिघाड नाही. ‘स्पेंड’ ऐकून पुष्कळ जण पैशाबद्दल बोलू लागतात. इथे खर्च वेळेचा आहे.

सगळ्यात जास्त घोळ पहिल्या प्रश्नात होतो. ‘व्हॉट डू यू डू?’ एवढेच विचारले तर अर्थ ‘तुम्ही काय काम करता?’ असा होतो. त्याला ‘इन युअर फ्री टाइम’ जोडले की फुरसतीचा प्रश्न. आणि ‘व्हॉट आर यू डूइंग?’ म्हणजे ‘आत्ता काय करून राहिला?’ तिन्ही कानाला सारखे लागतात, त्यात वेगाने बोलणारा ‘व्हॉट डू यू’चे ‘व्हॉड्ड्यू’ करतो. म्हणून सुरुवातीकडे कान लावू नका, शेवटाकडे लावा. ‘फ्री टाइम’, ‘फन’, ‘संडे’, ‘आफ्टर स्कूल’ यातला एक शब्द सापडला की प्रश्न सापडला.

तरी नाही कळला तर ‘व्हॉट?’ म्हणू नका, ते ‘काय बे?’सारखे लागते. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ हे एक वाक्य इतके घोटा की झोपेतून उठवले तरी यावे. त्याचा दुसरा फायदा असा की विचार करायला पाच-सहा सेकंद मिळतात.

३. दुसरे वाक्य आहे का, आणि प्रश्न परत जातो का?

शंभरदा पाहिले तरी मुख्य बिघाड इथेच निघतो, म्हणून या तपासणीला जास्त वेळ द्या.

छंद सांगणारे वाक्य म्हणजे उत्तराचा फक्त दरवाजा. त्याच्या मागे चार खोल्या असतात: कुठे, कोणासोबत, केव्हा, का. प्रत्येक खोलीसाठी एकच छोटे वाक्य, पाच-सहा शब्दांचे. व्हॉलीबॉल घेऊ:

‘आय प्ले व्हॉलीबॉल.’
कुठे: ‘वी प्ले बिहाइंड द स्कूल.’
कोणासोबत: ‘आय प्ले विथ माय कझिन्स.’
केव्हा: ‘वी प्ले एव्हरी इव्हनिंग आफ्टर सिक्स.’
का: ‘आय लाइक इट बिकॉज एव्हरीवन कम्स.’

‘का’ अवघड वाटते, कारण सगळे ‘बिकॉज इट इज व्हेरी इंटरेस्टिंग’ इथेच थांबतात. त्यापेक्षा खरे कारण मराठीत शोधा आणि तेवढेच इंग्रजीत आणा. ‘सगळे येतात’ हे खरे कारण आहे. ‘आय ॲम टॉल, सो आय जम्प वेल’ हेही.

पाचही वाक्ये एका दमात बोलायची नाहीत, ही इथली मोठी चूक. दोन किंवा तीन बोला आणि प्रश्न परत द्या: ‘व्हॉट अबाउट यू?’ बाकीची दोन खिशात राहू द्या, समोरच्याने विचारले की काढायला. संवाद म्हणजे विहिरीवरची दोन माणसे: एकाने बादली ओढली की दुसऱ्याने धरायची. एकटाच ओढत राहिला तर ते भाषण होते, आणि मुलाखत घेणाऱ्याला पाठ केलेले भाषण दोन वाक्यांत ओळखू येते.

ज्यांचे लक्षण ‘टोकले की सगळे विसरते’ हे आहे त्यांच्यासाठी उपाय: पाच वाक्ये वहीच्या पाच चिठ्ठ्यांवर लिहा, पत्त्यांसारखी पिसा, हाताला येईल ती चिठ्ठी पाहून बोला आणि तिथून पुढे जा. पाठांतर क्रमाने साठते, म्हणून क्रम मोडला की मोडते. रोज पाच मिनिटे, चार-पाच दिवस पिसले की कोणतेही वाक्य कुठूनही निघायला लागते.

दोघांचा सराव असेल तर तुरीचे दाणे घ्या, प्रत्येकाला पाच. एक वाक्य बोलले की एक दाणा मधल्या वाटीत. स्वतःबद्दलची सलग तीन वाक्ये कोणी बोलायची नाहीत; दोन झाली की प्रश्न विचारायचाच, आणि त्या प्रश्नाचाही एक दाणा. दोघांचे दाणे एकदमच संपले पाहिजेत. एकाचे संपले आणि दुसऱ्याचे चार उरले तर कोण एकटाच बोलत होता ते वाटीवरून दिसते. लाइन गेली असेल तर अंधारातही हा खेळ चालतो, नुसत्या बोटाला दाणे कळतात.

दाण्यांनी खेळलेला संवाद साधारण असा व्हायला हवा. मोठी बहीण आणि धाकटा भाऊ:

‘व्हॉट डू यू डू इन युअर फ्री टाइम, ताई?’
‘आय ड्रॉ रांगोळी. आय लर्न न्यू डिझाइन्स फ्रॉम माय फोन. व्हॉट अबाउट यू?’
‘आय गो फिशिंग.’
‘रिअली? व्हेअर?’
‘ॲट द व्हिलेज लेक. आय गो विथ काका.’
‘डू यू कॅच बिग फिश?’
‘नो, व्हेरी स्मॉल! समटाइम्स नथिंग.’

यात एकही अवघड शब्द नाही. तरी संवाद चालतो, कारण ‘रिअली? व्हेअर?’ या दोन शब्दांनी ताईने भावाला पुढे ढकलले. ‘रिअली?’, ‘ओह, नाइस!’, ‘हू विथ?’, ‘हाऊ ऑफन?’ असे चार छोटे धक्के तोंडात बसवा. वाक्य सुचत नसेल तेव्हा गप्प बसण्यापेक्षा ‘वेल... लेट मी थिंक’ म्हणा. मराठीत आपण ‘म्हणजे कसं आहे ना’ म्हणतो, त्याच कामाचे.

४. क्रियापद

वरच्या तीन तपासण्या झाल्याशिवाय इथे येऊ नका. इथल्या चुका कानाला खटकतात, पण त्यांनी संवाद सहसा बंद पडत नाही.

विदर्भातल्या माणसाला इथे एक फायदा आहे, तो कोणी वापरत नाही. ‘आय प्ले’ आणि ‘आय ॲम प्लेइंग’ यात गोंधळ झाला की आपल्या बोलीत बोलून पाहा. ‘मी खेळतो’ निघाले तर ‘आय प्ले’. ‘मी खेळून राहिलो’ निघाले तर ‘आय ॲम प्लेइंग’. छंद ही सवयीची गोष्ट, तिथे कोणी ‘मी दर रविवारी खेळून राहिलो’ म्हणत नाही. म्हणून ‘आय ॲम प्लेइंग क्रिकेट एव्हरी संडे’ चूक, ‘आय प्ले क्रिकेट एव्हरी संडे’ बरोबर. ‘आय ॲम प्ले’ मात्र कुठेच बसत नाही. ‘ॲम’ लावले तर ‘इंग’ लागतेच.

‘प्ले, गो, डू’ कुठे लावायचे हा दुसरा अडथळा. दोघे-चौघे मिळून खेळायचा खेळ किंवा वाजवायचे वाद्य असेल तर ‘प्ले’: प्ले कबड्डी, प्ले कॅरम, प्ले द खंजिरी. ‘इंग’ने संपणारी, बाहेर जाऊन करायची गोष्ट असेल तर ‘गो’: गो स्विमिंग, गो फिशिंग, गो सायकलिंग. व्यायाम आणि कसरतीला ‘डू’: डू योगा, डू मल्लखांब. मोबाइलबद्दल ‘आय प्ले मोबाइल’ नाही, ‘आय प्ले गेम्स ऑन माय फोन’. टीव्हीला ‘सी’ नाही, ‘वॉच’. गाण्यांना ‘लिसन टू’. तो ‘टू’ गाळला की वाक्य लंगडते.

‘लाइक’च्या पुढे दोन वाटा आहेत, ‘आय लाइक प्लेइंग’ आणि ‘आय लाइक टू प्ले’. दोन्ही बरोबर. दोन्हींवर एकदमच चालायला गेले की ‘आय लाइक टू प्लेइंग’ होते. एकच वाट धरा, नव्याने शिकणाऱ्याला ‘लाइक’च्या पुढे ‘इंग’ बरे पडते, कारण तोच साचा ‘एन्जॉय’ला चालतो आणि ‘एन्जॉय’ला ‘टू’ चालतच नाही. ‘माय हॉबी इज’च्या पुढेही ‘इंग’: ‘माय हॉबी इज प्लेइंग क्रिकेट’. दोन छंद असतील तर ‘माय हॉबीज आर’.

बाकीच्या नेहमीच्या चुका झटपट. ‘आय ॲम इंटरेस्टिंग इन म्युझिक’ नको, ‘इंटरेस्टेड इन’. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणजे मी कंटाळवाणा माणूस आहे. कंटाळा आला असेल तर ‘आय ॲम बोअर्ड’. स्वयंपाक चांगला येतो हे सांगताना ‘आय ॲम अ गुड कुकर’ म्हणू नका, कुकर चुलीवर असतो, माणूस ‘कुक’. ‘टाइमपास’ आपल्या देशात चालतो, बाहेरच्या माणसाला तो कळेलच असे नाही. ‘जस्ट फॉर फन’ म्हणा. ‘पाच वर्षांपासून खेळतो’चे सरळ भाषांतर ‘फ्रॉम फाइव्ह इयर्स’ असे होते आणि चुकते. तिथला बरोबर काळ नवख्याला अवघड आहे, म्हणून वळसा घ्या: ‘आय स्टार्टेड फाइव्ह इयर्स अगो.’ अर्थ तोच, चूक व्हायला जागा नाही.

दिवसाला ‘ऑन’, ‘मॉर्निंग’ आणि ‘इव्हनिंग’ला ‘इन द’, ‘नाइट’ला ‘ॲट’. बाजाराचा दिवस सांगायचा असेल तर ‘ऑन मार्केट डे’, आणि शेतीच्या घरात ‘आफ्टर द हार्वेस्ट’ हे रविवारपेक्षा जास्त कामाला येते.

५. उच्चार

समोरचा ‘सॉरी?’ म्हणत असेल तरच ही तपासणी. मोबाइलच्या व्हॉइस रेकॉर्डरवर एक मिनिट बोला, दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकू नका; आपण काय बोललो ते डोक्यात ताजे असते, त्यामुळे कान चूक भरून काढतो.

चार गोष्टी ऐकायच्या. शब्दाच्या सुरुवातीला ‘इ’ चिकटतो का: ‘इस्पोर्ट्स’, ‘इस्विमिंग’, ‘इस्टोरी’. चिकटत असेल तर सापासारखा ‘स्स्स्स’ लांबवा आणि त्यातूनच ‘पोर्ट्स’मध्ये शिरा, मध्ये थांबले की ‘इ’ परत येतो. दुसरे, ‘फ्री’मधला ‘फ’. दोन्ही ओठ मिटून ‘फळ’सारखा काढला तर बाहेरच्याला ‘प्री’ ऐकू येते. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडा. तोच दात-ओठ ‘व्हिडिओ’ आणि ‘व्हॉलीबॉल’ला, ‘वॉच’ आणि ‘वीक’ला मात्र दात नाही, ओठ गोल करायचे. मराठीत एकच ‘व’ दोन्हीचे काम करतो, म्हणून हा फरक मुद्दाम शिकावा लागतो.

तिसरे, ‘वॉक’ आणि ‘वर्क’. ‘आय लाइक टू वर्क इन द मॉर्निंग’ ऐकून समोरच्याला वाटते किती कष्टाळू माणूस. तुम्ही मात्र फिरायला जाता. ‘वॉक’मध्ये ‘र’ नाही, जबडा खाली सोडून ‘ऑ’ लांबवा. चौथे, शेवटचा ‘स’ गळणे: ‘माय ब्रदर प्ले’ नव्हे, ‘प्लेज’.

‘लेझर’, म्हणजे फुरसत, हा शब्द पुस्तकात दिसतो, पण बोलताना टाळा. उच्चार जमला नाही की तो लेसर किरणांचा शब्द होतो. ‘फ्री टाइम’ने सगळे भागते.

६. सराव कोणासोबत आणि केव्हा

घरी येते पण लोकांत येत नाही, हे लक्षण असेल तर लोकांची संख्या हळूहळू वाढवा. तीन दिवस रेकॉर्डरसमोर, तीन दिवस एका माणसासमोर, मग दोघांसमोर. पहिला माणूस तुमच्यापेक्षा लहान किंवा तुमच्याच पातळीचा घ्या. इंग्रजी फार चांगले येणारा दादा पहिल्या आठवड्यात नको, तो प्रत्येक वाक्याला दुरुस्त करतो आणि बोलणारा मिटतो. दुरुस्ती करायची तर शेवटी, आणि एका बैठकीत दोनच चुकांची.

रोज दहा मिनिटे पुरतात, पण वेळ ठरलेली असू द्या. रविवारी एक तास आणि आठवडाभर काही नाही, याने जमत नाही. जीभ सोमवारी पुन्हा जागच्या जागी येते. चौकात, पानठेल्यावर सराव करू नका. तिथे हसणारे असतातच आणि त्यांना थांबवण्यात दम घालवण्यात अर्थ नाही.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

चौदा दिवस, रोज दहा मिनिटे, वरच्या क्रमाने केले तर एका वाक्यावरून तीन वाक्ये आणि एक परतीचा प्रश्न इथवर बहुतेक जण पोचतात. पोचला नाहीत तर आणखी जोर लावू नका. पुढची कारणे घरच्या सरावाने जाणारी नसतात.

इंग्रजी अक्षरे जोडून वाचताच येत नसतील तर बोलण्याचा सराव थांबवा आणि शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना सरळ सांगा. मराठी वाचताना-लिहितानाही अक्षरे नेहमी उलटसुलट होत असतील तर तेही सांगा. तो आळस नसून वेगळ्या तपासणीचा विषय असू शकतो. क्लास लावायचाच असेल तर पैसे भरण्याआधी एक दिवस मागे बसून घड्याळ लावा: तासभरात एका विद्यार्थ्याचे तोंड किती मिनिटे उघडे होते? पाच मिनिटांच्या आत असेल तर तिथे तुम्ही ऐकायला जाल, बोलायला नाही. तीस दिवसांत फाडफाड बोलायची हमी देणारा फलक दिसला तर पुढे चला.

प्रश्न मराठीतही दोनदा विचारावा लागत असेल, टीव्हीचा आवाज वाढवावा लागत असेल, बोलणाऱ्याकडे एकच कान वळत असेल तर कान तपासून घ्या. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातून सुरुवात करा. कानात तेल टाकू नका. शाळेतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. त्या दिवशी ही गोष्ट मुद्दाम सांगा, नाहीतर रांगेत ती राहून जाते.

अडखळण्याचा भाग नीट वेगळा करा. फक्त इंग्रजीतच अडखळत असेल तर तो सरावाचा प्रश्न आहे. मराठीतही पहिले अक्षर अडकते, ‘क-क-क’ होते, मान किंवा डोळे ताणले जातात, असे असेल तर वाचा-उपचार तज्ज्ञ लागतो. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात विचारा. तोवर घरच्यांनी त्याचे वाक्य पुरे करू नये आणि ‘हळू बोल’ असेही सांगू नये. बोलून होईपर्यंत थांबायचे, बस्स.

आणि लोकांसमोर उभे राहिल्यावर छाती धडधडते, हात थरथरतात, त्या भीतीने शाळा किंवा मुलाखतच बुडते, असे महिनोन्‌महिने चालू असेल तर तो इंग्रजीचा प्रश्न उरलेला नाही. केंद्र सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येते.

यातल्या कोणाकडेही जाताना पहिल्या दिवसाचे आणि चौदाव्या दिवसाचे रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये ठेवा. ‘याले इंग्लिश येत नाही’ एवढ्या सांगण्यातून शिक्षकाला किंवा डॉक्टरला काही कळत नाही. दोन मिनिटांच्या आवाजातून कळते.